रेफरन्स डेस्कवरच्या बाईंना, मनापासून

बाई,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये मला, तरी मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजीतलं थँक्यू मी तुम्हाला गेले चार महिने दर शनिवारी म्हणतेच आहे आणि त्यात मनातलं काही उतरत नाही. शिवाय बॉस्टनच्या आसपास आमची बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांनाही कळू दे की गावातल्या साध्या पब्लिक लायब्ररीत तुमच्यासारखं माणूस बसलेलं असतं आणि त्याला विचारायला एक पैसा लागत नाही.

पहिल्या दिवशी आले तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी १७२१ च्या बॉस्टनमधल्या देवीच्या साथीवर लेख लिहायचा घेतला होता, सांगलीला शाळेत बारा वर्षं इतिहास शिकवलाय त्यामुळे वाटलं जमेल, पण इथे माझ्याकडे ना युनिव्हर्सिटीचं लॉगिन ना कुणाची ओळख, जिथे जावं तिथे पैसे भरा नाहीतर पासवर्ड टाका, आणि जे फुकट मिळत होतं ते सगळं एकमेकांचं बघून लिहिलेलं. तीच चार वाक्यं फिरून फिरून. तुम्ही मला कॉलेज विचारलं नाहीत, डिग्री विचारली नाहीत. विचारलंत ते एवढंच, की त्या वेळचे लोक या रोगाचं नाव कसं लिहायचे?

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी आपली 'स्मॉलपॉक्स' असा एकच शब्द टाकून शोधत होते. तेव्हा छापायचे दोन शब्दांत, मधे छोटी रेघ, आणि त्यातही स्मॉलचा एस जुन्या वळणाचा, लांब, जो कॉम्प्युटरला एफ वाटतो. तुम्ही एका चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने दोन्ही अक्षरं काढून दाखवलीत, एफची आडवी रेघ दांडीच्या आरपार जाते, लांब एसला ती असलीच तर फक्त डावीकडे, बारीकशी. मग म्हणालात, आता 'फ्मॉल' असं टाईप करून बघ. केलं, आणि जिथे आदल्या दिवशी काही सापडत नव्हतं तिथे पानंच्या पानं उघडली. ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मग कॅटलॉग. विषयाच्या ओळीला शेवटी 'सोर्सेस' हा शब्द जोडला की नंतरच्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं मागे पडतात आणि त्या काळची पत्रं, डायऱ्या, दप्तरं पुढे येतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. बॉस्टन पब्लिक लायब्ररीचं कार्ड मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या कुणालाही मिळतं आणि त्यावर घरबसल्या डेटाबेस उघडतात, हेही तुम्हीच सांगितलंत, तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतलात. चार्ल्स इव्हान्सने जुन्या अमेरिकन छापील मजकुराची, १६३९ पासूनची, जी प्रचंड यादी केली तिचे नंबर कसे वापरायचे ते दाखवलंत, आणि त्यातली सुमारे ५,००० पुस्तकं-पत्रकं हाताने टाईप करून मिशिगन युनिव्हर्सिटीने फुकट ठेवलीयेत, तिथे एस-एफचा घोळच नाही!

तारखांची चूक पकडलीत ती तर मी विसरणारच नाही. फेब्रुवारी १७२१ अशी एक नोंद मी साथीच्या आधीची म्हणून वहीत उतरवली होती, कारण साथ आली एप्रिल १७२१ मध्ये, जहाजातून. तुम्ही म्हणालात थांब, १७५२ पर्यंत इंग्रजांच्या मुलखात नवं साल २५ मार्चला लागायचं, म्हणजे हा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२२ चा, साथ आल्यानंतरचा. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो, मला तर हे पटकन सुचायला हवं होतं.

या सगळ्यातून मिळालं काय, तर माणसं मिळाली. झॅब्डिएल बॉयलस्टन या डॉक्टरने २६ जून १७२१ ला स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला देवी टोचली, म्हणजे रोग्याच्या फोडातला पू मुद्दाम जखमेत घातला, गाव खवळलं, नोव्हेंबरमध्ये टोचण्याचा आग्रह धरणाऱ्या कॉटन मॅदर या पाद्र्याच्या घरात खिडकीतून बॉम्ब फेकला, तो फुटला नाही. बॉयलस्टनचं १७२६ चं पुस्तक तुम्ही काढून दिलंत, त्यात रोगी एकेक करून लिहिलेत, कुणाला कधी टोचलं, ताप कधी आला, फोड कधी उठले, वाचताना घशाशी येत होतं. त्याने टोचलेल्या २४० च्या वर लोकांतले ६ गेले, आणि साथीत एकूण ८४४ गेले, ११,००० च्या आसपास वस्तीच्या गावात.

आणि ओनेसिमस. मॅदरच्या घरातला गुलाम, आफ्रिकेतून आणलेला, ज्याने मॅदरला सांगितलं की आमच्याकडे देवी अशी टोचतात आणि दंडावरचा वण दाखवला. मॅदरने हे जुलै १७१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, साथीच्या पाच वर्षं आधी. माझ्या आजीच्या दंडावर दोन वण होते, लस वेगळी, पण लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे, तो स्पर्शच आठवला एकदम. मी तुम्हाला विचारलं होतं की ओनेसिमसने स्वतः लिहिलेलं काही मिळेल का, तेव्हा तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत, दोन शनिवार माझ्याबरोबर शोधलंत आणि मग म्हणालात की नाही, त्याचं एकही अक्षर उरलेलं नाही, जे आहे ते मॅदरच्या हातचं, तुझ्या लेखात हे स्पष्ट लिही. लिहिलंय. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

पुढच्या मंगळवारी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत जातेय, मेल तुम्हीच लिहून दिलीत. पेन नेऊ नको, पेन्सिल ने म्हणालात, म्हणून दोन पेन्सिली टोक काढून ठेवल्यात. अंक आला की पहिली प्रत तुमच्या डेस्कवर आणून देईन. तुम्हाला वाचता येणार नाही, पण चिठ्ठीच्या पाठीवर ओनेसिमसचं नाव देवनागरीत काढून दाखवीन, एकेक अक्षर, तुम्ही मला दाखवलंत तसं.

तुमची,
शनिवारची वाचक