कंटेनरच्या घरावर दुसरे छप्पर हवे, आणि तसा नियमही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पेण, अलिबाग, कर्जत या पट्ट्यात शेतजमिनींच्या कडेला ‘कंटेनर घर करून मिळेल’ अशा पाट्या अलीकडे दिसू लागल्या आहेत आणि त्या वाचून, निवृत्तीचे पैसे नुकतेच हाती आलेली माणसे ओळखीपाळखीने माझ्याकडे चौकशीला येतात. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर आमच्या उरण तालुक्यात कंटेनरची यार्डे उभी राहिली. त्यांपैकी रिकाम्या कंटेनरच्या एका यार्डात मी चोवीस वर्षे सर्व्हेअर होतो; जहाजावरून परत आलेला डबा पुन्हा माल भरण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे तपासून लिहून देणे हे माझे काम होते. पेण तालुक्यातील स्वतःच्या जमिनीवर मी २०१६ मध्ये चाळीस फुटी डब्याचे घर केले आणि आजही त्यातच राहतो, त्यामुळे हे पत्र अशा घरांच्या विरोधात नाही. मात्र यार्डातून आणून जमिनीवर ठेवलेला डबा हा घराचा केवळ सांगाडा असतो. त्यावर स्वतंत्र छप्पर, भिंतींना उष्णतारोधक अस्तर आणि त्याच्या पूर्वायुष्याचा कागद, एवढे असल्याशिवाय कोकणात तो कोणाला घर म्हणून विकला किंवा दिला जाऊ नये आणि राज्य सरकारने तसा लेखी नियम करावा, हे माझे म्हणणे आहे.

विक्रेते सर्वप्रथम डब्याच्या ताकदीविषयी बोलतात. ती ताकद खरी आहे, परंतु ती डब्यात नेमकी कुठे असते हे ते सांगत नाहीत. प्रत्येक डब्याच्या दारावर कंटेनरच्या सुरक्षिततेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची, म्हणजे यार्डाच्या भाषेत ‘सीएससी’ची, धातूची पाटी ठोकलेली असते. त्या पाटीवर डब्यावर डबे रचण्याचा अनुज्ञेय भार बहुधा १,९२,००० किलो असा लिहिलेला आढळतो. हा सगळा भार चार कोपऱ्यांचे खांब आणि त्यांच्या टोकांचे ओतीव ठोकळे, म्हणजे कॉर्नर कास्टिंग, यांमधून खाली उतरतो. छपराचा पत्रा मात्र जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची चाचणी ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो वजन ठेवून घेतली जाते. वर चढून काम करणारी दोन-तीन माणसे पेलावीत, एवढाच तिचा हेतू असतो. अशा छपरावर माती टाकून बाग फुलवण्याची किंवा पाण्याच्या टाक्या ठेवण्याची चित्रे जाहिरातींत पाहिली की मला काळजी वाटते. भिंतींचा पत्राही तितकाच पातळ असतो, पण त्याच्या पन्हळींमुळे डबा ताठ राहतो, म्हणजे ती भिंत कापली की डब्याचा ताठपणाही तेवढा जातो.

हे मला नोकरीमुळे ठाऊक होते, तरीही घर करताना मी गाफील राहिलो. फॅब्रिकेटरने डोंगराकडची लांब भिंत सोळा फूट कापली, हलक्या अँगलची चौकट केली आणि तीत सरकत्या काचा बसवल्या. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून हिशेब करून घ्यावा, असे त्याने सुचवले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. पहिल्याच पावसाळ्यात वरची कड मधोमध खाली आली आणि काचा अशा अडकल्या की एक तडकली. शेवटी सगळे काढून चौकोनी जाड पाइपची चौकट आणि मधोमध एक खांब द्यावा लागला. भिंत कापण्याआधी तिच्या जागी काय येणार, हे इंजिनीअरच्या सहीने कागदावर असलेच पाहिजे.

‘पाया नको’ हा दुसरा दावा तर धोक्याचा आहे. चाळीस फुटी उंच डब्याचे (म्हणजे साध्या डब्यापेक्षा फूटभर उंच असणाऱ्या प्रकाराचे) रिकामे वजन चार टनांच्या आत असते आणि त्याची वाऱ्याला अडणारी बाजू १२ मीटर लांब व २.९ मीटर उंच असते. रिकाम्या डब्यांची थप्पी वादळी वाऱ्यात कोसळलेली मी यार्डात पाहिली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा माझा डबा जागेवरून हलला नाही, याचे कारण त्याचे चारही कोपरे काँक्रीटच्या ठोकळ्यांत पुरलेल्या प्लेटांना बोल्टने जखडलेले होते. त्या ठोकळ्यांमुळे डबा जमिनीपासून दीड फूट उंचही राहतो, खालून वारा खेळतो आणि तळाच्या पोलादी आडव्या पट्ट्यांना गंज लागला तर तो वेळीच दिसतो. डबा थेट मुरुमावर टेकवला, तर हाच तळ कोणाच्याही नजरेस न पडता गंजत जातो.

आता उष्णतेविषयी, कारण त्यासाठीच मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे. पोलादातून उष्णता विटेच्या तुलनेत पन्नासपटींच्या आसपास अधिक सहज वाहते, आणि इथे तर नऊ इंची भिंतीच्या जागी दोन मिलिमीटरचा पत्रा असतो. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी आमच्या भिंतीला आतून हात लावता येत नव्हता. माझी सासू, जिने सारा जन्म कुडाच्या आणि पुढे मातीच्या घरात काढला, ती अकरा वाजल्यापासून बाहेर आंब्याखाली जाऊन बसत असे. थंडीत आणखी निराळा त्रास होतो. पहाटे पत्रा गार पडला की श्वासातली आणि चुलीवरच्या वाफेतली ओल त्यावर जमते, भिंतींना घाम फुटतो आणि अस्तर चुकीचे बसवले असेल तर त्याच्या मागे पाणी साचून आतूनच गंज धरतो. सपाट छपरावर कोकणचा पाऊस साचतो. जिथे डब्यावर डबा आपटून छपराच्या कोपऱ्याजवळ आधीच पोचा पडलेला असतो, तिथे हे पाणी सर्वांत आधी आत शिरते.

यावर मला सापडलेला उपाय आपल्या वाडवडिलांचाच आहे. भिंतींना आतून ५० मिलिमीटर पफचे, म्हणजे उष्णतारोधक फोमचे, अस्तर, एकही फट न ठेवता. आणि डब्याला भार न देता, स्वतःच्या खांबांवर उभे राहिलेले मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. ते डब्याच्या पत्र्यापासून दोन फूट वर आहे, चारही बाजूंनी तीन फूट पुढे आले आहे आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा आरपार जातो. उन्हाचा ताप आणि पावसाचा मारा दोन्ही कौलांवर जातात, आणि पुढे निघालेल्या पागोळ्यांखाली पडवी मिळाली ती वेगळीच. निसर्ग वादळात निम्मी कौले उडाली, ती पुन्हा शाकारली. हे छप्पर झाल्यावर सासूबाई दुपारी घरात झोपू लागल्या.

परदेशातही ज्यांनी हे काम गांभीर्याने केले त्यांना हीच गोष्ट करावी लागली. ॲमस्टरडॅममध्ये २००५-०६ च्या सुमारास सुमारे एक हजार डब्यांची ‘केटवोनन’ ही विद्यार्थ्यांची वसाहत उभी राहिली. तिथले ऊन आपल्या उन्हापुढे काहीच नव्हे, तरीही डब्यांच्या इमारतींवर पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी व उष्णता थोपवण्यासाठी स्वतंत्र छप्पर घातले गेले. जपानमध्ये २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ओनागावा येथे वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी डब्यांची तीन मजली तात्पुरती वस्ती रचली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक घर भरलेले आणि एक मोकळे, अशी ती मांडणी होती आणि त्या मोकळ्या जागांना मोठ्या काचा लावून उजेडाच्या खोल्या केल्या होत्या. सर्वस्व गमावलेल्या माणसाला द्यायचे घर तात्पुरते असले तरी तिथे त्याचा किती बारकाईने विचार झाला होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ हौशी शेतघरांचा राहिलेला नाही. महाड तालुक्यातील तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली. दोन्ही ठिकाणच्या वाचलेल्या कुटुंबांना पक्की घरे होईपर्यंत कंटेनरमध्ये ठेवण्यात आले. भर पावसात डोक्यावर काहीतरी तातडीने देणे आवश्यक होते आणि तो निर्णय त्या घडीला योग्यच होता. परंतु पक्की घरे लगेच होत नाहीत, आणि पावसाळ्यापुरता वाटलेला मुक्काम उन्हाळ्यापर्यंत लांबतो. डोंगरावर गवताच्या नाहीतर कौलांच्या छपराखाली वाढलेल्या ठाकर कुटुंबाने मे महिना पत्र्याच्या डब्यात काढावा, हे मला पटत नाही, कारण त्यावरचा उपाय महाग नाही आणि अवघडही नाही.

डब्याच्या पूर्वायुष्याविषयी थोडे. त्याच्या तळाला २८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची जमीन असते आणि लाकडातून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून त्या लाकडावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. कोणते रसायन वापरले, याची नोंद दारावरच्या पाटीवर असते. शिवाय पंधरा-वीस वर्षांत त्या जमिनीवर काय काय सांडले, हे कोणीच सांगू शकत नाही. माझे मत असे की, लहान मुले रांगणार असतील तर ती जमीन काढून टाकावी, निदान तिच्यावर इपॉक्सीचा अखंड थर देऊन मगच फरशी घालावी. पाटी काढून टाकलेला डबा तर घेऊच नये. डबा पाहायला जाल तेव्हा आत शिरून दारे बंद करून घ्या आणि काळोखात डोळे स्थिरावू द्या. छपरात कुठेही उजेडाचा टिपका दिसला, तर तिथून पाणी येणार हे नक्की. आम्ही यार्डात रोज हेच करत असू.

आणखी एक कागद ग्राहक कधीच मागत नाहीत. परदेशी मालकीचा डबा भारतात सहा महिन्यांत परत पाठवण्याच्या अटीवर, सीमाशुल्क न भरता येतो. तो इथेच विकायचा असेल तर शुल्क भरावे लागते. ते भरल्याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर व्यवहार करू नये.

परवानगीविषयी तर सगळाच गोंधळ आहे. ‘डबा हलवता येतो, म्हणून परवानगी लागत नाही’ असे छातीठोकपणे सांगितले जाते, परंतु माणसे त्यात कायम राहणार असतील तर ते बांधकामच ठरते आणि शेतजमिनीवरील शेतघरासाठीही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये अटी आहेतच. मी रीतसर अर्ज केला तेव्हा संबंधित कार्यालयात या प्रकारासाठी रकानाच नव्हता आणि माझी फाइल चौदा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर आणि एकाच खोलीच्या घरात तिची रुंदी किमान २.४ मीटर हवी, तर उंच डब्याची आतली उंची सुमारे २.६९ मीटर व रुंदी सुमारे २.३५ मीटर भरते. साध्या डब्याची उंची तर २.३९ मीटरच, म्हणजे वातानुकूलित खोलीला चालणाऱ्या २.४ मीटरपेक्षाही कमी. वर आतून अस्तर लावले की रुंदी आणखी चार इंच घटते. म्हणजे संहितेच्या काटेकोर मोजमापात एकटा डबा राहती खोली ठरतच नाही. दोन डबे शेजारी जोडून मधली भिंत काढली तर रुंदीचा प्रश्न सुटतो, उंचीचा सुटत नाही.

म्हणून राज्य सरकारने २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत कंटेनरच्या घरांसाठी स्वतंत्र कलम घालावे, अशी माझी विनंती आहे. उंच डब्याला उंचीत त्या पाच-सहा सेंटिमीटरची सवलत द्यावी, पण ती वारा खेळता ठेवणारे दुसरे छप्पर, अखंड अस्तर आणि समोरासमोर खिडक्या असतील तरच द्यावी; साध्या उंचीच्या डब्याला राहण्यासाठी परवानगी देऊच नये. सीएससी पाटीची नोंद, सीमाशुल्काची पावती आणि कापलेल्या प्रत्येक भिंतीबद्दल स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला अर्जासोबत बंधनकारक असावा. आणि आपत्तीनंतर सरकार स्वतः जे कंटेनर मागवते, त्यांच्या निविदेतही दुसरे छप्पर, अस्तर आणि जमिनीला जखडण्याची व्यवस्था या बाबी पहिल्याच पानावर असाव्यात. त्या पावसाळा सुरू होण्याआधी ठरल्या, तरच दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतील.

माझ्या घराचे आराखडे, कौलारू छपराची मापे आणि दुरुस्त्यांसह झालेल्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. जिल्ह्यातील कोणत्याही कार्यालयाला तो पाहायचा असेल, तर मी कागद घेऊन स्वतः येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कंटेनर सर्व्हेअर,
ता. पेण, जि. रायगड