विभागप्रमुख आकाशातून पडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महात्मा फुले जयंतीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेची आठवण काढली होती. १८७३ साली पुण्यात बसून जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तो लेख वाचला आणि पत्र लिहायला बसले. त्या मुक्त झालेल्यांच्या मुलाबाळांसाठी अमेरिकेच्या दक्षिणेत जी कॉलेजं निघाली, त्यांतल्याच एका कॉलेजात मी अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. अर्पणपत्रिका आपण दर वर्षी आठवतो, पण त्या मुलांच्या शाळा-कॉलेजांचं पुढे काय झालं, आज तिथे काय चाललं आहे, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

या कॉलेजांना इथे सगळे ‘एचबीसीयू’ (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणतात. १९६४ च्या आधी प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली ती एचबीसीयू, अशी कायद्यातली व्याख्या आहे. आज ती शंभराच्या आसपास आहेत. नॅशव्हिलचं फिस्क १८६६ चं आणि वॉशिंग्टनचं हॉवर्ड १८६७ चं, म्हणजे दोन्ही ‘गुलामगिरी’च्या आधीची. देशातल्या एकूण कॉलेजांत ही जेमतेम तीन टक्के भरतात, पण विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामुलींत त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट आहे. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर तसं लहान विद्यापीठ, पण तिथून मेडिकलला जाणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या पाहून मोठमोठ्या विद्यापीठांनी तोंडात बोट घालावं.

या मुलांच्या रोजच्या तासांचं आणि प्रॅक्टिकलचं मोठं ओझं नुकतीच पीएचडी करून आलेली असिस्टंट प्रोफेसर मंडळी वाहतात. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

माझ्या शेजारच्या खोलीत अशीच एक सहकारी बसते. ती याच राज्यातल्या एका खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर, आणि संशोधनात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. सत्राला चार विषय आणि त्यांची प्रॅक्टिकलं तिच्याकडे आहेत. शिवाय प्रवेश समिती, सुरक्षा समिती, आणि रडत येणाऱ्या प्रत्येक मुलीला तिचंच दार दिसतं. तिसऱ्या वर्षी तिला राज्याच्या निधीतून उपकरणांसाठी थोडे पैसे मंजूर झाले. रोटाव्हॅपला, म्हणजे द्रावणातला द्रव कमी दाबाखाली उडवून लावणाऱ्या उपकरणाला, नवा व्हॅक्यूम पंप घ्यायचा होता. तिने मार्चमध्ये अर्ज दिला. अर्जावर एक सही राहिली होती. ती सही कोणाची, कागद कोणत्या टेबलावर अडकतो, कोणाला आठवण करावी लागते, हे तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं. आणि मीही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ३० जूनला आर्थिक वर्ष संपलं आणि पैसे परत गेले. त्या सबंध उन्हाळ्यात तिचे विद्यार्थी एकाच जुन्या पंपासमोर नंबर लावून बसले. रात्री दहाला प्रयोगशाळेतला दिवा चालू दिसायचा आणि बाहेरच्या बाकावर एक मुलगा आपला फ्लास्क मांडीवर धरून वाट बघत असायचा.

मग पुढच्याच वर्षी विभागप्रमुख निवृत्त झाले आणि तिला सांगण्यात आलं, “आता तूच बघ.” वय तेहतीस.

नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ आणि हारतुरे येतात. इथे लागतं ते नेतृत्व वेगळं आहे. खर्चाचा तक्ता वाचता आला पाहिजे. मिळालेल्या अनुदानातला किती भाग ओव्हरहेड, म्हणजे इमारत-वीज-कचेरीचा खर्च, म्हणून कॉलेजकडे जातो आणि त्यातलं विभागाला काही मागता येतं का, हे कळलं पाहिजे. वयाने वीस वर्षं मोठ्या प्राध्यापकाला, त्यांचा मान राखून, ‘हा तास तुम्हाला घ्यावा लागेल’ असं सांगता आलं पाहिजे. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला काय विचारावं, बैठक तासाभरात कशी संपवावी, डीनला कोणत्या भाषेत पत्र लिहिलं की ते वाचलं जातं, हे सगळं त्यात येतं. यातलं एकही काम पीएचडीत शिकवत नाहीत. मोठ्या विद्यापीठात हाताशी कचेरी असते, अनुभवी मंडळी असतात, चूक झाली तरी सांभाळून घेतलं जातं. आमच्याकडे विभागात सहा माणसं. त्यांतल्या एकाची चूक म्हणजे मुलांचं एक वर्ष.

आणि हे शिकवून येतं, याचा दाखला याच कॉलेजांच्या इतिहासात आहे. सेंट एल्मो ब्रेडी हे रसायनशास्त्रात पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. साल १९१६, इलिनॉय विद्यापीठ. स्वतः फिस्कचे विद्यार्थी. एवढी पदवी घेऊन ते पुन्हा अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटला शिकवायला गेले, १९२० मध्ये हॉवर्डला रसायनशास्त्राचा विभाग उभा करायला गेले, १९२७ मध्ये फिस्कला आले आणि पंचवीस वर्षं राहिले. निवृत्तीनंतर मिसिसिपीतल्या टूगालू कॉलेजाने बोलावलं, तर तिथेही विभाग बांधायला आणि तरुण शिक्षक मिळवायला हजर. एका माणसाने चार कॉलेजांत रसायनशास्त्र रुजवलं. मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की फिस्कला असताना त्यांनी इलिनॉयच्या प्राध्यापकांच्या मदतीने इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीचा (अवरक्त किरणांनी रेणूंची रचना ओळखण्याच्या तंत्राचा) उन्हाळी वर्ग सुरू केला आणि तो इतर कॉलेजांतल्या शिक्षकांनाही खुला ठेवला. शिक्षकांना शिकवायचं असतं, हे त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात शर्ली मॅकबे यांनी गणित शिकवलं आणि विज्ञान शाखेची धुरा सांभाळली. पुढे त्या एमआयटीत डीन झाल्या आणि १९९० मध्ये त्यांनी ‘क्यूईएम’ (क्वालिटी एज्युकेशन फॉर मायनॉरिटीज) ही संस्था काढली. अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहायचा याच्या कार्यशाळा ही संस्था लहान कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी घेत आली. ‘प्रोजेक्ट कॅलिडोस्कोप’ ही १९८९ पासूनची चळवळ विज्ञानाच्या शिक्षकांसाठी उन्हाळी नेतृत्व शिबिरं भरवते. म्हणजे वाट नाही असं नाही.

अडतं ते वेळेपायी. चार विषय शिकवणाऱ्या बाईने आठवडाभर शिबिराला जायचं, तर तिचे तास कोण घेणार? शिबिराहून परत आली की साचलेले दोनशे पेपर टेबलावर वाट बघत असतात, आणि जे शिकून आली ते वहीतच राहतं. हॉवर्डचे जीवशास्त्रज्ञ अर्नेस्ट जस्ट वर्षानुवर्षं उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत जाऊन संशोधन करत, कारण एरवीचे महिने शिकवण्यात जात. शंभर वर्षं झाली त्याला. माझं स्पष्ट मत आहे की प्रमुखपदाकडे नेण्याजोग्या तरुण शिक्षकाचा सत्राला किमान एक विषय दोन वर्षं कमी केला पाहिजे आणि तो वेळ एका अनुभवी प्रमुखाच्या शेजारी बसून काम शिकण्यात गेला पाहिजे. प्रमाणपत्राने हे व्हायचं नाही.

यावर ‘पैसे कुठून आणायचे’ असं कोणी विचारेल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे खरंच आहे. पण पैसे गेले कुठे हेही विचारावं. सरकारी मदतीच्या कॉलेजांबद्दलच्या १८९० च्या मॉरिल कायद्याखाली ज्या कृष्णवर्णीय कॉलेजांना राज्यांनी इतरांच्या बरोबरीने निधी द्यायचा होता, त्यांना तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना तसं लेखी कळवलं. मेरीलँडमध्ये तर अनेक वर्षं खटला चालला आणि २०२१ मध्ये राज्याने चार कॉलेजांना ५७७ दशलक्ष डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यात २०२५ च्या वसंतात नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने, देशभरातली हजारावर अनुदानं मध्येच बंद केली. अशा वेळी प्रमुखाच्या खुर्चीत नवखं माणूस बसलेलं असेल, तर विभाग वाऱ्यावर जातो.

आता आपल्या लोकांबद्दल. या कॉलेजांच्या विज्ञान विभागांत भारतीय प्राध्यापक खूप आहेत आणि त्यांत मराठी माणसंही भेटतात. आम्ही इथे टिकलो, मान मिळाला, मुलांनी जीव लावला. पण पुष्कळदा प्रमुखपदही आमच्याचकडे राहतं, कारण आम्ही आधीपासून आहोत आणि आम्हाला कागद माहीत आहेत. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागितलं होतं की शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला शेतकऱ्यांतूनच शिक्षक तयार करा. तीच कसोटी मी इथे स्वतःला लावते. ज्यांच्यासाठी हे कॉलेज निघालं, त्यांच्यातल्या तरुण शिक्षकांच्या हाती ते चालवायचं कसब देणं हे माझं काम आहे. मी कागद माहीत असल्याचा अभिमान बाळगून ते ड्रॉवरमध्ये ठेवून चालणार नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत असलेल्या मराठी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. जवळच्या एचबीसीयूबरोबर प्रस्ताव लिहिताना तिथल्या तरुण शिक्षकाला मुख्य संशोधक करा, स्वतः दुसऱ्या जागी सही करा. वर्षातून एक आठवडा तिथले तास घ्या, म्हणजे तिथला माणूस शिकायला बाहेर पडू शकेल. आणि निवृत्त झालेल्या विभागप्रमुखांनी एका तरुण सहकाऱ्याला महिन्यातून एकदा फोन करावा. ‘काही अडलंय का?’ एवढं विचारलं असतं, तर आमचा पंप आला असता.

माझ्या शेजारणीला मी आता दर गुरुवारी तास संपल्यावर जुन्या फाइली घेऊन बसवते. गेल्या महिन्यात तिने डीनसमोर पहिल्यांदा विभागाचा अर्थसंकल्प मांडला. मी आत यायचं नाही, असं तिनेच मला बजावलं होतं. त्या वेळात मी तिच्या दोन तुकड्यांचं टायट्रेशन घेत होते. साडेतीनला ती प्रयोगशाळेच्या दाराशी आली, एप्रन चढवला आणि म्हणाली, “पंप मंजूर. सह्या सगळ्या मी स्वतः फिरून घेतल्या.”

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका
(मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कॉलेजाचा उल्लेख टाळायचा असल्याने नाव छापू नये ही विनंती)