मार्सियास आणि तुझे ड्रम

मिरज, रविवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

ग्रीसची तिकिटं काढल्याचं आईकडून कळलं. डेल्फीला एक दिवस ठेवलायस आणि "बाबा, अपोलोबद्दल दोन ओळी लिहून पाठवा" म्हणतोस. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाकडे दोन ओळी मागतोस, म्हणजे तुला अजून बाप कळला नाही.

पहिलं म्हणजे त्याला सरसकट सूर्यदेव म्हणू नकोस. होमरच्या काव्यात सूर्य म्हणजे हेलिऑस, तो वेगळा. अपोलोला 'फीबस', म्हणजे तेजस्वी, म्हणत; दोघांची सांगड पुढे बसली. गंमत अशी की इलियडच्या सुरुवातीला हा प्रकाशाचा देव डोंगरावरून उतरतो तो 'रात्रीसारखा'. नऊ दिवस तो ग्रीकांच्या छावणीवर बाण सोडतो. ते बाण म्हणजे साथीचा रोग. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. रोग धाडणारा तोच आणि उतरवणाराही तोच. आपल्या मरीआईचं तरी वेगळं काय आहे?

भविष्याचं तुला ठाऊकच असेल. डेल्फीच्या देवळात पिथिया नावाची पुजारीण त्याच्या वतीने बोलायची. लिडियाचा राजा क्रीसस विचारायला आला, पर्शियावर स्वारी करू का? उत्तर मिळालं, केलीस तर एक मोठं साम्राज्य लयाला जाईल. गेलं, पण ते त्याचंच. आणि हिवाळ्याचे तीन महिने देव गावाला जायचे, उत्तरेकडे हायपरबोरियन लोकांकडे. तेवढे दिवस डेल्फीत मद्याचा देव डायोनिसस, त्याचा अंमल. इतका कडक देव, पण सुट्टी घेत होता हे मला आवडतं.

आता वाद्याकडे येतो. अपोलोची ती प्रसिद्ध लायर त्याने स्वतः केलेली नाही. धाकटा सावत्र भाऊ हर्मीस जन्मला त्याच दिवशी त्याने कासवाच्या पाठीला तारा लावून ती बनवली, आणि त्याच दिवशी अपोलोच्या पन्नास गाई चोरल्या. पकडला गेल्यावर पठ्ठ्याने लायर वाजवून दाखवली. अपोलो इतका विरघळला की गाई सोडून वाद्य घेऊन गेला. सतारमेकर गल्लीत वाळत घातलेले भोपळे दिसले की मला हे कासव आठवतं. पोकळ काहीतरी हवं आणि त्यावर ताणलेली तार.

आणि मार्सियास. हे जरा सावकाश वाच.

अथेनाने ऑलोस नावाचं वाद्य केलं. पुस्तकांत त्याला बासरी म्हणतात ते चूक आहे. दोन नळ्या एकदम तोंडात धरायच्या, टोकाला पत्ती. आवाज सनईच्या जवळचा. फुंकताना गाल फुगतात, चेहरा वाईट दिसतो, म्हणून तिने ते फेकून दिलं. फ्रिजियातल्या मार्सियास या सॅटरला, म्हणजे अर्धा माणूस अर्धा पशू अशा वनवासीला, ते सापडलं. तो इतकं सुरेख वाजवायला लागला की त्याने थेट अपोलोला आव्हान दिलं. परीक्षक होत्या म्युझेस, म्हणजे कलांच्या देवी, अपोलोच्याच गोतावळ्यातल्या. पहिल्या फेरीत दोघं बरोबरीत. मग अपोलोने लायर उलटी धरून वाजवली आणि म्हणाला, तूही वाद्य उलटं धरून वाजव. ऑलोस उलटा धरून कसा वाजणार? मार्सियास हरला. देवाने त्याला झाडाला बांधून जिवंत सोलला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या काळी केलेनाय गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दिनार गावाजवळ, ते कातडं टांगलेलं दाखवत.

अपोलोच्या प्रेमाला कसँड्राने नकार दिला तर तिच्या भविष्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही असा शाप, डॅफ्नी पळाली तर तिचा लॉरेल वृक्ष झाला. या गोष्टी मी वर्गात सांगत असे. मार्सियासची टाळायचो. मुलं लहान आहेत, असं कारण स्वतःला द्यायचो.

तू दहावीत होतास तेव्हा मी तुझा ड्रमसेट विकला. तुला न विचारता. त्याआधी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, हे संगीत नाही, भांडी बडवणं आहे. तू वाद घातलास तर म्हणालो, मग यावर भूप वाजवून दाखव. सगळे हसले. तू उठून गच्चीवर गेलास. वाद्य माझ्या सोयीचं, नियम माझा, परीक्षकही मीच. आणि मी कोण, तर पेटीवाला! ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं. त्यावर मी किती जणांशी भांडलोय ते तू ऐकलंयस. तरी तुझ्या वेळी ते आठवलं नाही.

पुढचं मला बरंच उशिरा वाचायला मिळालं. डेल्फीला पिथियन खेळ भरत, त्यात संगीताच्या स्पर्धा असत. इ.स.पू. ५८६ मध्ये आर्गोसचा साकादास नावाचा वादक तिथे ऑलोस वाजवून जिंकला. अपोलोने अजगराला मारल्याचा सगळा प्रसंग त्या नळ्यांवर उभा करणारी रचना त्याच्याच नावावर सांगतात. पॉसॅनियस हा जुना ग्रीक प्रवासलेखक लिहितो की मार्सियासपासून ऑलोसवाल्यांवर धरलेला अपोलोचा राग या साकादासमुळे निवळला असावा. बघ, देवाला वाद्य उलटं धरायला लावल्याची खंत वाटली असं कुठे लिहिलेलं नाही. राग गेला, एवढंच.

म्युझियममध्ये घाई करू नकोस. अथेन्सवाल्यांच्या खजिन्याच्या भिंतीवर कोरलेली अपोलोची दोन स्तोत्रं १८९३ मध्ये फ्रेंचांच्या उत्खननात सापडली, ती शिळा तिथे आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. ओळींवर बारीक खुणा आहेत, ते स्वर. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये, ऑलिम्पिक पुन्हा सुरू करायचं ठरलं त्या परिषदेत, पहिलं स्तोत्र गाऊन दाखवलं होतं. फोटो जवळून काढ, खुणा दिसल्या पाहिजेत. मी पेटीवर बसवून बघणार आहे.

वरच्या खोलीतलं कपाट मी हलवून घेतलंय. शेजारच्या काकूंशीही बोललोय, संध्याकाळी सहा ते आठ त्यांची हरकत नाही. ड्रमसेटला किती फूट जागा लागते ते मात्र मला कळत नाही. निघण्याआधी माप कळव.

तुझा,
बाबा