दारव्हा रस्त्यावरच्या त्या माणसांचे मनापासून आभार

आईला यवतमाळला डॉक्टरांकडे नेताना दारव्ह्याच्या अलीकडे इंजिनातून करकर आवाज सुरू झाला. ट्रॅक्टरवाल्या दादांनी आपणहून थांबून गाडी गॅरेजपर्यंत ओढत नेली. आईला त्यांच्याच भाच्याने एसटीत बसवून दिलं, तेही तिकीट काढून.

गॅरेजवाल्या भाऊंनी कव्हर उघडताच सांगितलं, "आता सेल्फ मारू नका जी, पट्टा तुटला तं व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतीन." टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे दात झिजले होते, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंगही गेलं होतं. नवा पट्टा, टेन्शनर यवतमाळहून मागवला. वॉटर पंप त्यांनी तपासला, चांगला होता, म्हणून बदलला नाही. असा कारागीर विरळा! क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या खुणा जुळवून पट्टा चढवला, मग पान्याने इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. तोवर चावी हातात दिली नाही. अंधार पडल्यावर शेजारच्या पानठेल्यावरच्या पोराने मोबाइलचा उजेड धरला.

मजुरी वाजवीच घेतली. ट्रॅक्टरवाल्या दादांनी तर डिझेलचेही पैसे नाकारले. दादा, भाऊ, आईची तपासणी त्याच दिवशी झाली. तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार.