ग्रंथालयातल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

माझी तिसरी कुमार कादंबरी या आठवड्यात छापून आली. पहिली प्रत तुमच्यासाठी बाजूला काढली आहे, रविवारी पंचवटीत तुमच्या घरी घेऊन येते. पण समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही “पुरे गं” म्हणता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी आठवीत होते. नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, पण मला चालत जाता यायचं ते तुमच्या दोन खोल्यांच्या ग्रंथालयात. बालविभागातल्या राजा-राण्या वाचून संपल्या होत्या आणि मोठ्यांच्या कपाटाला हात लावायचं माझं वय नव्हतं. तुम्ही नोंदवहीत स्वतःचा सभासद क्रमांक लिहिलात आणि पुस्तक माझ्या हातात दिलंत. अट एकच, उगाच ‘छान आहे’ म्हणायचं नाही. दर शनिवारी पुस्तक बदलायला आले की तुम्ही विचारायचात, “कुठे कंटाळलीस? पान सांग.”

लिहायला लागले तेव्हा त्याच वयाच्या मुलांसाठी लिहावंसं वाटलं. एका प्रकाशकांनी सांगितलं, मुलांचं लिहा नाहीतर मोठ्यांचं, मधलं कोणी घेत नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारसुद्धा २०१० मध्ये सुरू झाला, आणि त्यात नऊ वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत. या मधल्या वयाला मराठीत अजून स्वतःचं कपाट नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिली कादंबरी सप्टेंबर २००८ च्या गोदेच्या पुरावर होती. शाळेतल्या नोकरीतून वेळ काढून चार वर्षं लिहिलेलं ते हस्तलिखित तुम्ही पेन्सिल घेऊन वाचलंत. समासात लिहिलंत: “नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक दुकानातला माल हलवायला लागतात. तुझ्या नायकाचे वडील दुकानदार, मग हा पोरगा होळकर पुलावर पूर बघत निवांत कसा?” त्या एका प्रश्नामुळे अख्खी कादंबरी मी पुन्हा लिहिली. आता तो पोरगा अंधारात, गुडघाभर पाण्यातून हंडे-पातेली माळ्यावर चढवतो आणि वडिलांना घाबरलेलं पहिल्यांदा बघतो. आजही मुलं मला भेटतात ती याच प्रसंगाबद्दल बोलायला.

शेवटी आजोबा अडीच पानं उपदेश करत होते. त्यावर तुम्ही फक्त एक उभी रेघ ओढलीत. मी रडले होते, काकू, तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पानं काढून टाकली.

नवीन पुस्तकात टाइप जरा मोठा घ्यायला लावला आहे, तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. सावकाश वाचा. कुठे कंटाळलात ते पान मात्र सांगा.

तुमची,
शनिवारची मुलगी