काकू येताहेत, तर…

प्रिय मित्रा,

तुझ्या आईने, म्हणजे आपल्या काकूंनी, तुझ्याकडे परदेशात येऊन राहायला एकदाचा होकार दिला, म्हणजे अर्धी लढाई जिंकलास. पण तू पाठवलेला फिरण्याचा तक्ता वाचताना मलाच धाप लागली रे. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं, रात्रीच्या गाडीने तिसरं. कॉलेजात असताना आपण असेच हिंडायचो, रात्री स्टेशनवरचं बाकडंही चालायचं. काकूंच्या गुडघ्यांना ते चालणार नाही. निम्मा तक्ता आत्ताच खोडून टाक. उरलेल्यातला निम्मा त्या आल्यावर आपोआप खोडला जाईल, मनाची तयारी ठेव.

बाबा आमच्याकडे येऊन राहिले तेव्हाचं तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलंय. विचारलंसच, तर आता सलग लिहितो. मला विचारशील तर या वयात परक्या देशात सगळ्यात जड जातं ते बारीकसारीक गोष्टींसाठी पोरांच्या तोंडाकडे बघत बसणं. आयुष्यभर स्वतःचं घर, स्वतःचे पैसे, स्वतःच्या वेळा सांभाळलेला माणूस इथे येतो आणि त्याला नळ कसा उघडायचा तेही विचारावं लागतं. आणि आपली माणसं विचारत नाहीत. बाबा आल्यापासून गार पाण्याने अंघोळ करत होते. मला कळलं ते धाकटीकडून, कारण आजोबा बाथरूममध्ये "हुश्श हुश्श" करतात याची तिला गंमत वाटायची. आमच्या नळाला एकच दांडी. वर उचलली की पाणी येतं, डावीकडे फिरवली की गरम होतं, आणि जरा जास्त फिरली की चटका बसतो. मी बाबांना घेऊन कपड्यांनिशी आत उभा राहिलो, बायकोने तिची लाल नेलपॉलिश आणली आणि दांडी जिथे थांबवायची तिथे ठिपका दिला. मग वॉशिंग मशीनवर ठिपका, शेगडीच्या बटणावर ठिपका, टीव्हीच्या रिमोटवर दोन ठिपके. शेवटचे ठिपके बाबांनी स्वतःच दिले, आम्हाला न विचारता. घर तिथून पुढे जरा त्यांचं झालं.

म्हणून सांगतो, काकू येण्याआधी घराची एक जादा किल्ली करून ठेव आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात दे. सोबत पत्ता आणि तुम्हा दोघांचे नंबर लिहिलेला कागद, पर्समध्ये ठेवायला. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत बरोबर जा, मग थोडं मागे राहा, मग जाऊच नकोस. आणि त्यांना घरातलं एक खातं देऊन टाक, खरंखुरं, मन रमवायला काढलेलं नको. आमच्याकडे बाबांनी कचऱ्याचं खातं घेतलं. कुठल्या वारी कुठला डबा बाहेर काढायचा, काच कशात, कागद कशात, हे आम्हाला इतकी वर्षं राहून धड पाठ नव्हतं. बाबांनी वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि आमच्या चुका काढायला लागले. त्यांचा आवाज पुन्हा घरातल्यासारखा चढला ना, तेव्हा मला बरं वाटलं. (बायकोला किती बरं वाटलं ते तिला विचार.)

आता प्रवास. व्हीलचेअर आजच मागून ठेव. बहुतेक विमान कंपन्या निदान 48 तास आधी कळवायला सांगतात. काकू म्हणणार, "मला काय धाड भरलीय?" बाबाही तेच म्हणाले होते. मी म्हटलं, बाबा, खुर्चीचं सोडा, ती ढकलणारा माणूस महत्त्वाचा. पुढच्या विमानाचं गेट कुठे, कुठली रांग, कुठला फॉर्म, हे सगळं त्याला पाठ असतं. वाटाड्या म्हटल्यावर तयार झाले. एकट्याने विमान बदलायचं असेल तर याला दुसरा पर्याय नाही.

सीट कडेची घे, आइलची. काकूंचा स्वभाव मला माहीत आहे, शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून त्या पाणीच पिणार नाहीत. विमानातली हवा कोरडी असते आणि आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच. चार तासांहून जास्त वेळ बसून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा पाणी प्यायचं, उठायचं, चार पावलं टाकायची, हे तू न सांगता त्यांच्या डॉक्टरांकडून सांगव. मुलाचं ऐकतील असं मला वाटत नाही. त्याच भेटीत इन्सुलिनचंही विचार, कारण घड्याळ बदललं की डोसच्या वेळाही बदलतात, आणि ते त्यांनीच लिहून द्यायला हवं. इन्सुलिन हातातल्याच बॅगेत ठेवा, सामानात गेलेलं गोठू शकतं आणि गोठलेलं निकामी. बाकीची औषधंही जवळच, चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव.

विमा काढताना मधुमेह लपवू नकोस. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेल्या आजाराचा दावा फेटाळतात. आणि व्हिसा नीट वाच! तू शेजारच्या देशातही चार दिवस जायचं म्हणतोयस. काकूंचा व्हिसा एकाच एंट्रीचा असला तर बाहेर पडल्यावर परत येता येणार नाही. विमा त्या दुसऱ्या देशात चालतो का, तेही बघ.

आल्यावर पहिले काही दिवस रिकामे ठेव. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं. पूर्वेकडे गेलं की जास्त त्रास, कारण आपल्या आतलं घड्याळ मुळात 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. गोळ्यांच्या मागे लागण्याआधी दिवसाउजेडी बाहेर फिरवून आण. बाबा पहाटे तीनला उठून हॉलमध्ये अंधारात बसायचे, आमची झोप मोडू नये म्हणून. शेवटी मी तिथे एक दिवा आणि वाचायला काहीबाही ठेवलं आणि बजावलं की खुशाल खुडबुड करा. खुडबुड ऐकू आली की आम्हालाही झोप लागायची.

सहलीचं म्हणशील तर आमचा गोतावळा मोठा होता. ताईकडचे, आम्ही, सगळी पोरं. "बाबा, काय बघायचं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही ठरवाल ते." यावर विसंबू नकोस, काकूही हेच म्हणणार. दोन गोष्टी समोर ठेव आणि एक निवडायला लाव. दिवसाला एकच ठिकाण. तिथे बसायला बाक आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधीच बघून ठेव, नाहीतर तीच चिंता त्यांना दिवसभर पुरते. तिकिटं आधी काढून ठेव, कारण तिकीटखिडकीपाशी बाबांचा मनातल्या मनात गुणाकार सुरू व्हायचा आणि मग तो किल्ला त्यांना फारसा आवडायचा नाही. फक्त जिथे ज्येष्ठांना सवलत असते तिथे पासपोर्ट दाखवायचा मान त्यांचाच. ती सवलत कितीही क्षुल्लक असो, संध्याकाळपर्यंत पुरायची.

एक दिवस त्यांनी सांगितलं की आज तुम्ही जा, मी इथेच थांबतो. ताईचा चेहरा पडला. इतक्या लांब आणलंय आणि खोलीत बसणार! मी म्हटलं, बसू दे. परत आलो तर गडी खिडकीशी खुर्ची ओढून बसलेला. समोरचा रस्ता खणला होता, दिवसभर त्यात पाइप टाकत होते. आयुष्य बांधकाम खात्यात गेलेलं. उतार कसा धरला, पाइपाखाली वाळू किती, माती थराथराने कशी दाबली, एक पोरगा सारखा लेव्हल कशी तपासत होता, जेवताना सगळं ऐकवलं. ठेकेदाराला शंभरपैकी नव्वद गुण दिले. दहा का कापले ते अजून सांगतात. त्या अख्ख्या सहलीत इतके खुलून बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपणहून आमच्याबरोबर निघाले, जाताना खड्ड्याला वळसा घालून.

काकूंचा खड्डा कुठला निघेल ते तुला आधी कळणार नाही. एखादा दिवस मोकळा सोड, निघेल.

आणि खटके उडणार, ते धरूनच चाल. घर लहान, मुक्काम लांब, त्यात गावाकडून भाऊबहिणींच्या फोनवरून सूचना. आम्ही दोघं जेवणानंतर चक्कर मारायला बाहेर पडायचो, पोरं आजोबांच्या ताब्यात देऊन. जे भांडायचं ते रस्त्यावर भांडून यायचो. बाबांना कळत होतं, पण तेवढा वेळ घराचे मालक ते, म्हणून काही बोलायचे नाहीत.

तक्ता नवा करून पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो. व्हिसाच्या पानाचा फोटोही धाड, एंट्रीचं मी बघून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना रूममेट