तुझा डबा माझ्याकडेच आहे

अगं,

तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर पहिला फोन तुझाच आला असता, "कशाला गं चारचौघांत?" म्हणून. पण हे मला चारचौघांतच म्हणायचंय. तोंडावर आभार मानायला गेले की तू "पुरे" म्हणतेस आणि विषय भाजीच्या भावावर नेतेस. इथे तुला मधेच तोडता येणार नाही. (मधे तोडायची खोड खरं तर माझी, हेही तूच सांगितलंस. त्यावर येतेच.)

२०१८ सालची गोष्ट. आमच्या बँकेने आम्हा सगळ्यांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं होतं. पहिल्या दिवशी जेवणानंतर, म्हणजे अर्धी शाखा डुलक्या घेत असताना, शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर चार तावदानांची एक खिडकी काढली. जोहारी विंडो. मला वाटलं कुणी जव्हेरी असेल. तर ते निघाले जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम, दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९५५ साली त्यांनी ही खिडकी मांडली आणि जो अधिक हॅरी असं करून तिचं बारसं केलं. एका तावदानात आपलं जे आपल्याला आणि लोकांना, दोघांनाही माहीत असतं ते. दुसऱ्यात आपण झाकून ठेवलेलं. तिसऱ्यात लोकांना लख्ख दिसतं पण आपल्याला पत्ता नसतो ते. चौथं कुणालाच ठाऊक नसलेलं. बाई म्हणाल्या, तिसरं तावदान आपल्या हाताने उघडत नाही, बाहेरच्या माणसालाच सांगावं लागतं. आणि गृहपाठ दिला: जवळच्या पाच माणसांना आपला एक दोष विचारून या.

मी जेवणाच्या सुट्टीतच पाच जणींना व्हॉट्सॲप टाकून मोकळी झाले होते, कारण गृहपाठाची कुणकुण आधीच लागली होती. संध्याकाळपर्यंत चार उत्तरं आली. "तू फार भोळी आहेस." "तू स्वतःकडे अजिबात लक्ष देत नाहीस." "दुसऱ्यांचं फार करतेस, हाच तुझा दोष." नणंदेने नुसते हात जोडलेले पाठवले. असे दोष लग्नाच्या बायोडेटातसुद्धा खपून जातील. मला मात्र मनातून बरं वाटलं. मी ते वहीत उतरवूनही घेतले.

तुझ्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन दिवस लोकलमध्ये तू गवारीपासून पगारवाढीपर्यंत सगळं बोललीस, तेवढं सोडून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सीएसएमटीला तू माझ्या खांद्यावरची पर्स ओढलीस आणि म्हणालीस, "ही गाडी सोड." कल्याण फास्ट समोर उभी, आत अजून दोन जागा दिसत होत्या, आणि तू गाडी सोड म्हणतेस! बाकावर बसल्यावर पहिला प्रश्न तुझा. "खरंच हवंय, की त्या सर्टिफिकेटपुरतं?"

मी हसून "खरंच" म्हटलं. हसले कशाला, तर मला वाटलं तू पाचवा भोळेपणा सांगणार.

तू पिशवीतून गवार काढलीस, मांडीवर रुमाल पसरलास आणि शिरा काढायला लागलीस. वाईट बोलायचं असलं की तुझे हात रिकामे राहत नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू माझा डबा दुसऱ्या दिवशीच परत करतेस."

मला कळेचना. डबा रिकामा परत देऊ नये, हे माझ्या आईने मला अक्षर ओळखायच्या आधी शिकवलेलं. मी तो भरून देत होते. यात दोष कसला?

"भरून देतेस ते ठीक गं. पण लगेच? मी काळ्या वाटाण्याचं सांबार आणलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डब्यात नारळाच्या वड्या. ते पण दीडपट. मला तुझ्या बँकेत पैसे भरल्यासारखं वाटतं. जमा, नावे, शिल्लक शून्य. एखादा डबा राहू दे की तुझ्या घरी महिनाभर."

एक गाडी गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तू शेंग धरलेला हातच वर केलास.

"सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा तुझ्या घरून एकवीस दिवस जेवण आलं. मी घेतलं. रोज घेतलं. लाज नाही वाटली, कारण म्हटलं उद्या हिच्यावर वेळ आली तर मी करीन. आणि तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू काय सांगितलंस? गावाला चाललेय. मला कधी कळलं? दोन महिन्यांनी, हळदीकुंकवाला, तुझ्या जावेकडून. पेज पण आणू दिली नाहीस मला. मग मी घेतलेले ते एकवीस डबे काय होते गं? भीक होती?"

मोडलेल्या शेंगेचा तो कट्ट आवाज मला अजून ऐकू येतो.

"तुला कायम वरचा हात हवा असतो," तू म्हणालीस. मग पुढची गाडी लागली, तू रुमालाची चार टोकं धरून गवार पिशवीत ओतलीस आणि आपण चढलो. ठाण्यापर्यंत कुणीच बोललं नाही. ठाण्यानंतर तू आणखी दोन गोष्टी सांगून टाकल्यास, एकदा सुरू केलंच आहे तर, अशा थाटात. एक, मी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. दुसरी, मी मुलाला लाडावून ठेवलंय. पहिली मान्य. दुसरी तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. तू त्याला वर्षातून एकदा सत्यनारायणाला बघतेस, तेवढ्यावरून निकाल देऊ नकोस.

मी रागावले. तुला माहीतच आहे, पुढचे चार दिवस मी डबा बदलला. गाडीतला. मधल्या लेडीज डब्यात अनोळखी बायकांमध्ये उभी राहून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. ज्या बाईसाठी एकवीस दिवस पहाटे साडेचारला उठले तिने मला वरचा हात म्हणावं? आणि भांडताना लक्षात आलं की तो आकडा मलाही तोंडपाठ आहे. एकवीस. तू मोजला असशील ते ओझं म्हणून. मी का मोजला होता?

घरी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी कुणाकडून काही घेत नाही का हो?" पेपर खाली न करता तो म्हणाला, "मी केलेला चहा तू परत गाळतेस." बास, एवढंच. तेवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा बोलला. भावाला फोन केला, तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, भाऊबीजेला मी ओवाळणी घालतो आणि तू माझ्या हातात त्याच्या दुप्पट किमतीचं पाकीट ठेवतेस. मागच्या वर्षी मुद्दाम उशिरा आलो होतो." मला वाटत होतं तो ट्रॅफिकमध्ये अडकला.

तीन माणसं, तीन घरं, आणि एकच गोष्ट. मग मात्र बसले.

पाचव्या दिवशी आपल्या नेहमीच्या डब्यात चढले. पाठ दुखते म्हणून तू आधी उलट्या गाडीने कल्याणपर्यंत जाऊन, म्हणजे डाउन करून, खिडकी मिळवायचीस आणि मी डोंबिवलीला चढून तुझ्याशेजारी दांडी धरून उभी राहायचे, हा आपला वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी तुझ्या शेजारच्या जागेवर तुझा रुमाल होता. चार दिवस रोज टाकत होतीस, असं मागाहून दुसरीने सांगितलं. मी बसले. दिवा स्टेशनच्या पुढे गेल्यावर तुला ते सांगितलं जे तोवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतले एक माझे वडील, साचेखात्यातले. लालबागच्या चाळीत पहिले काही महिने सगळेच एकमेकांना धरून होते. मग ज्याचं त्याचं सुरू झालं. पावसाळ्यात एकदा आईने मला वाटी देऊन शेजारी तेल आणायला पाठवलं. शेजारणीने वाटी भरून दिली, काठोकाठ, चांगली बाई होती ती. मी वळले आणि मागून तिचा आवाज आला, मुलीला सांगत होती, "आता रोज येणार बघ ही." तेल न सांडता मी तो व्हरांडा कसा पार केला ते मलाच ठाऊक. आईला मी काही बोलले नाही, पण तिने माझं तोंड बघितलं असणार. म्हणाली, "यापुढे कुणापुढे वाटी धरायची नाही." तेव्हापासून धरली नाही. तुझ्यापुढेही नाही.

तू ऐकून घेतलंस. "वाईट वाटलं" वगैरे काही नाही. घाटकोपर गेल्यावर फक्त म्हणालीस, "मी काय ती शेजारीण आहे?"

माझ्या मुलाने तेव्हा बीएला मानसशास्त्र घेतलं होतं. (लाडावलेला मुलगा तो हाच.) त्याच्याकडून नंतर कळलं की सिमीन वझीर नावाच्या संशोधक बाईंनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलंय, आपल्याला जास्त कोण ओळखतं, आपण की आपले मित्र? निघालं ते असं: आतली घालमेल, भित्रेपणा, बेचैनी आपली आपल्यालाच नीट कळते. पण हुशारी, कल्पकता असल्या बाबतीत, जिथे चांगलं की वाईट असा शिक्का बसतो तिथे, मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा जास्त बरोबर येतो. स्वतःला मार्क देताना पेन घसरतं. मला हे लगेच पटलं. माझी ती तेलाची वाटी तुला दिसणं शक्य नव्हतं, आणि माझा वरचा हात मला.

तेव्हापासून मला विचारणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. "माझ्यातला दोष सांग" असं कुणाला विचारू नका, समोरचा भोळेपणा सांगून सुटतो. नेमकं विचारा. "गेल्या वर्षात माझ्यामुळे तुला कधी गप्प बसावं लागलं का?" किंवा "मी काय केलं की तुला परकं वाटतं?" आणि फोनवर तर विचारूच नका. समोरच्याला हातांना काहीतरी काम लागतं, नाहीतर खरं बोलवत नाही. गवार उत्तम.

सुधारले असं नाही म्हणत. बिलाच्या वेळी हात अजून आपोआप पर्समध्ये जातो. पण एक दिवस, तू रजेवर होतीस, मी तीन बायका बसलेल्या सीटपुढे उभी राहून म्हटलं, "जरा सरकता का?" घसा कोरडा पडला होता, खोटं वाटेल तुला. तिघींपैकी एकीनेही मोबाइलमधून मान वर केली नाही. सरकल्या. चौथी सीट, अर्धं बूड बाहेर. पंचवीस वर्षं मी जे मागायला घाबरत होते त्याची किंमत एवढीच होती. कुर्ल्यापर्यंत मी एकटीच हसत होते.

नवऱ्याचा चहा आता जसा येतो तसा पिते. तळाला चोथा असतो. असू दे.

२०२२ ला तू निवृत्त होऊन कुडाळला गेलीस आणि मला वाटलं, आता शिकलेलं विसरायला मोकळी. तर गेल्या जूनमध्ये पुलाच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले, पहिला विचार काय आला असेल सांग? कुणाला कळवायचं नाही. तो विचार चांगला अर्धा तास टिकला. मग डाव्या हाताने तुला फोन लावला आणि एकच शब्द बोलले, "ये."

"कोकणकन्या मिळते का बघते," म्हणालीस. कारण विचारलं नाहीस. पहाटे ठाण्याला उतरलीस, खांद्याला पिशवी, पिशवीत तो तुझा जुना स्टीलचा डबा, सासूबाईंचं नाव कोरलेला, त्यात काळे वाटाणे. अकरा दिवस राहिलीस. माझी वेणी घातलीस. माझ्या ओट्यावर माझ्याच डब्यांच्या जागा बदलल्यास, ते मला आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. जाताना पिशवी भरत होतीस तेव्हा डबा घासून पालथा घातलेला होता, तुझ्या हाताशीच. तू बघितलास. मी बघितला. तू पिशवीची चेन लावलीस.

आज आठ महिने झाले. त्यात मी साबुदाणा भरलाय, घट्ट झाकणाचा आहे, पोरकिडे लागत नाहीत. मनगट बरं आहे. काल आमची ही शेजारची मुलगी विचारत होती, डब्यावर कुणाचं नाव आहे म्हणून.

गणपतीला येणार असशील तर वाटाणे दुसऱ्या डब्यातून आण.

तुझी,
चौथ्या सीटवरची